आश्रुबाचा श्वास आणि सोसायटीची टाकी

वडवणीजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीमागं गोबरगॅसची टाकी आहे. तिची देखभाल आश्रुबाकडं. सकाळी शेण कालवून टाकीत सोडायचं, मग टाकीवरच्या लोखंडी टोपाला कान लावून आतले बुडबुडे ऐकत बसायचं. बायको गेल्यापासून हा गडी माणसांत कमी आणि टाकीजवळ जास्त. आम्ही खूप चेष्टा केली, पण त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

त्याची मुलगी शिवकन्या अंबाजोगाईला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. एका दिवाळीत तिनं कट्ट्यावर बसून बापाला टाकीचं गुपित सांगितलं. झाडं उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि अंग धरतात. टाकीतल्या काही जिवांना ऊन लागतच नाही. ते अंधारात हायड्रोजनच्या जोरावर तोच वायू घेतात, त्यातल्या थोड्याचं स्वतःचं शरीर बांधतात आणि बाकीच्याचा जळणारा गॅस करतात. झाडांची रीत वेगळी, यांची वेगळी, आणि यांची फार जुनी.

"म्हंजी आपण सोडलेली हवा त्येंचं जेवण?" आश्रुबानं विचारलं.

"एका अर्थानं तसंच, आबा," ती म्हणाली आणि सुट्टी संपताच कॉलेजला निघून गेली.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की आश्रुबा स्वप्नात टाकीत उतरायचा. कोमट अंधार, ना वारा ना ऊन, आणि तरी सगळीकडं पेरणी चाललेली. तिथं कुणी आभाळाकडं बघत नाही, म्हणायचा. खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही तिथं जावंसं वाटायचं.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. जनावरं चारा छावणीला गेली, शेण संपलं, आतला गॅस कमी झाला तसा टोप हळूहळू खाली बसला. चेअरमन विठ्ठलराव बैठकीत म्हणाले, "पाडव्यापस्तोर टाकीच्या गॅसवर शेगडी पेटली न्हाई तर टाकी बुजवून टाकू. उगं कुणी पडलं-बिडलं तर?"

आश्रुबा माझ्याकडं आला. "बुजवल्यावर सकाळी मी कुणासाठी उठू?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तो शेण सोडायच्या पाईपाला तोंड लावून फुंकर घालायला लागला. दुपारभर फुंकायचा, चक्कर आली की कट्ट्यावर आडवा व्हायचा, पुन्हा उठायचा. "कावून फुकतो बे?" कुणी विचारलं तर म्हणायचा, "उपाशी हाईत, चारतोय." पोट धरून हसलो आम्ही.

होळीला शिवकन्या आली आणि हे बघून जागीच थांबली. मग बापाजवळ बसली. "आबा, आपल्या श्वासात त्येंचं खाणं लई थोडं असतं. ऑक्सिजन त्याच्यापेक्षा जास्त. तो त्येंना सोसत न्हाई, मरत्यात."

आश्रुबा पाईपापासून मागं सरकला. "किती मेले असतील?"

"टाकी मोठी हाय. फार न्हाई."

तरी तो रडला. बायको गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि आपण हसलो याची मला लाज वाटली.

शिवकन्येनं उपाय सांगितला. छावणीतून ताजं शेण आणायचं, थोडं थोडंच सोडायचं. पाणी नाही तर टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ काल्यातच ते कालवायचं. आश्रुबा रोज सायकलला बादल्या अडकवून छावणीला जायला लागला.

पाडव्याला सगळे टाकीजवळ जमले. पाईपाचं झाकण उघडं होतं, आश्रुबा सकाळचं शेण सोडत होता. विठ्ठलरावांनी शेजारी ठेवलेल्या शेगडीला काडी लावली. निळा जाळ लागला, बारीक, पण विझला नाही.

"आश्रुबा, काय केलंस बे? सांग की," विठ्ठलराव म्हणाले.

आश्रुबानं नुसती मान हलवली. तोंडावर हात दाबून त्यानं पाईपाचं झाकण लावलं आणि सगळ्यांमधून वाट काढत सोसायटीच्या फाटकाबाहेर गेला. रस्त्यावर पोचल्यावर मग त्यानं रोखून धरलेला श्वास सोडला.