नातेवाइकांचं वजन

समोरच्याला नाराज करणारं काही बोलायचं म्हणजे आमच्या इसानातल्या, थायलंडच्या ईशान्य भागातल्या, माणसाच्या जिवावर येतं. पोटावर वीतभर टाके आहेत, ताप चढलाय, आणि डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" तर उत्तर ठरलेलं: "छान वाटतंय, डॉक्टर." अशा मुलखात प्रयोंगसारखी बाई जन्माला आलीच कशी, याचं मला एकवीस वर्षं नवल वाटत आलंय.

ती आमच्या मोठ्या इस्पितळात ड्रेसिंगची सिस्टर. मी तिथला कारकून, नाव नारोंग. शस्त्रक्रियांवरच्या संशोधनाचे कागद माझ्या ताब्यात. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला पी म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. डॉक्टरसुद्धा पीच म्हणतात. म्हशींचा व्यापार करणाऱ्या बापाची मुलगी, एकोणिसाव्या वर्षी इस्पितळात आली ती बत्तीस वर्षं जखमाच धुते आहे. पट्टी सोडायच्या आधी नुसत्या वासावरून सांगते, आत पू आहे की नाही. लग्न केलं नाही. "दिवसाला चाळीस पोटं बघते," म्हणते, "आणखी एक घरी कशाला?"

पोटांना आमच्याकडे तोटा नाही. तळ्यातले बारके मासे कच्चेच ठेचून, लिंबू-मिरची घालून खायची आमची खोड. त्या माशातली अळी पित्ताच्या नळीत मुक्काम ठोकते आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिथं गाठ होते. ती काढायची तर यकृताचा मोठा तुकडा कापावा लागतो. डॉक्टर वीरायुत हे काम इतक्या सफाईनं करतात की बँकॉकहून लोक बघायला येतात. पण एक दुखणं त्यांच्या मागे लागलं होतं. ऑपरेशन सुरेख व्हायचं, आणि आठव्या-दहाव्या दिवशी पोटाची जखम उसवायची. म्हणून अभ्यास सुरू झाला. अर्ध्या रोग्यांना जुना धागा, अर्ध्यांना नवा, आणि कुणाच्या जखमा उघडतात ते मोजायचं.

चौसष्ट रोगी झाले. जुन्या धाग्याच्या सात जखमा उघडल्या आणि नव्या धाग्याच्याही सातच. डॉक्टरांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"जेवणात काही कमी पडतंय का?" त्यांनी मला विचारलं.

"जेवणात खोट नाही," मी छाती काढून म्हणालो. जेवणाचा रकाना मी स्वतः शोधून काढलेला होता: ताट रिकामं परत आलं का, हो किंवा नाही. रोज दोन उकडलेली अंडी, कोंबडी, भात. चौसष्टांपैकी एकसष्ट जणांची ताटं चाटूनपुसून परत आलेली.

प्रयोंग पट्ट्यांचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. "ताटं रिकामी आणि माणसं वाळतायत," ती म्हणाली. "नारोंग, तुझी अंडी जातात कुठं?"

"कुठं म्हणजे? पोटात."

"कुणाच्या?"

मला राग आला. माझ्या कागदावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नाही, आणि डॉक्टरांसमोर तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वॉर्डाच्या दारात वजनकाटा आणून ठेवला. रोग्याबरोबर घरचं एक माणूस येतं आणि पलंगाखाली चटई टाकून राहतं. प्रयोंगनं रोग्यांबरोबर या माणसांनाही काट्यावर चढवायला सुरुवात केली. बायका लाजायच्या, एकमेकींना ढकलायच्या. "मला काय झालंय, पी?" "काही नाही झालं. सरकारला तुझी काळजी वाटते. चढ."

तीन आठवड्यांनी तिनं एक कागद माझ्या टेबलावर आपटला. रोगी चार-चार किलोंनी उतरलेले, नातेवाईक दोन-दोन किलोंनी चढलेले. सगळ्यात वर मे बुन्ता, पॉ आम्फोनची बायको. साडेतीन किलो.

"हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?"

मी सगळे रकाने चाळून पाहिले. बसण्यासारखा रकाना नव्हता.

पॉ आम्फोन हा बांबूच्या टोपल्या विणणारा, बासष्टीचा, अबोल माणूस. पॉ म्हणजे बाबा आणि मे म्हणजे आई; वडीलधाऱ्यांना आम्ही तसंच हाक मारतो. त्याची जखम नवव्या दिवशी अर्धी उसवली होती. वरची कातडी कशीबशी धरून होती, आतला थर फाटलेला, आणि आतडी बाहेर येऊ नयेत म्हणून पोटाला रुंद पट्टा बांधलेला. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्टच सांगितलं. पुन्हा शिवावं लागणार, तेही महिन्याच्या आत. पण त्याच्या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा दोनवर आला होता. तो तीनवर गेल्याशिवाय सुरी लावली तर टाके पुन्हा उसवतील, आणि मग शिवायला माणूस उरणार नाही. नळीतून दूध घालून पाहिलं, ते जुलाबात गेलं. आता त्यानं तोंडानं खाल्लं तरच तो वाचणार होता.

डॉक्टरांनी मे बुन्ताला बोलावून झाडली. तिनं हात जोडले. "हो डॉक्टर. चुकलं डॉक्टर." दुसऱ्या दिवशी आम्फोनची अंडी शेजारच्या रोग्याच्या मेव्हण्यानं खाल्ली.

"ओरडून काय मिळालं?" प्रयोंगनं डॉक्टरांना विचारलं. "आधी एकदा हो म्हणायची, आता दोनदा म्हणते."

"मग तुम्ही बघा, पी. मी हात टेकले."

दुपारी प्रयोंग बुन्ताच्या चटईवर जाऊन बसली. मी पलीकडे तापाचे तक्ते उतरवत होतो, कान इकडे. प्रयोंगनं तिच्यापुढची पपईची कोशिंबीर ओढून घेतली, दोन घास खाल्ले, मिरची कमी आहे म्हणून नाक मुरडलं आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "अंडं कुणी बंद केलं?"

"आईनं," बुन्ता हळूच म्हणाली. "कापलेल्या माणसानं अंडं खाल्लं तर जखम आतून सडते. कोंबडीनं खाज सुटते. चिकट भातानं पू होतो."

"मग ताटात तसंच ठेवायचं होतंस."

"डॉक्टरांना वाईट वाटलं असतं ना, पी! एवढं जिवाभावानं देतात. आणि अन्न का टाकायचं?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "मी खाते आणि हे नुसते बघत राहतात. घास घशाखाली उतरत नाही माझ्या."

"साडेतीन किलो उतरलाय की," प्रयोंग म्हणाली, आणि बुन्ता रडता रडता फिसकन हसली.

आम्फोन लग्नानंतर सासूच्याच घरी नांदलेला, आमच्याकडे सगळेच जावई नांदतात तसा. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचा शब्द त्याला डॉक्टरांच्या शब्दाहून जड होता. प्रयोंगनं मला माझी पिकअप काढायला लावली. "वही घे," म्हणाली. "आणि तोंड बंद ठेव."

सासूचं नाव याय लुन. याय म्हणजे आजी. अख्खं गाव तिला तसंच म्हणायचं. बाळंतिणी, तापकरी, इस्पितळातून परतलेले, सगळे तिच्याकडे पथ्य विचारायला जात. उंच खांबांवरच्या घराखाली बाजेवर बसून ती सुपारी कुटत होती. आमची पांढरी गाडी बघून तिनं बत्ता खाली ठेवला.

"भांडायला आलात?"

"नाही, याय. काय वर्ज्य ते लिहून घ्यायला आलेय. हा कारकून आणलाय. याचं अक्षर बरं आहे. बाकी काही बरं नाही."

याय खुदकन हसली आणि सांगायला बसली. अंडं, कोंबडी, बदक, रेड्याचं मांस, पांढऱ्या म्हशीचं तर बघायचंही नाही, खवले नसलेला मासा, बांबूचे कोंब, आंबवलेली मासळी, चिकट भात. माझी दोन पानं भरली. प्रयोंगनं एकदाही मान हलवून नाही म्हटलं नाही. मला वाटलं, बाईला ऊन लागलं.

"झालं?" तिनं विचारलं. "आता चालतं काय ते सांगा."

याय गोंधळली. "चालतं काय, असं कुणी विचारत नाही ग. लोक वर्ज्य काय तेवढं विचारतात आणि जातात."

"मी विचारतेय."

"मासळीत मरळ चालते," याय विचार करत म्हणाली. "मीठ चोळून निखाऱ्यावर भाजलेली. मरळीनं मांस धरतं. डुकराचं बिनचरबीचं चालतं, मिठात खडखडीत भाजून."

"मरळ किती द्यायची?"

"किती म्हणजे? खाईल तेवढी! मरळीला कुणी माप लावतं का?"

प्रयोंगनं माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

"मग तुमच्या इस्पितळात मरळ का देत नाहीत?" यायनं विचारलं.

"आम्हीपण कुणाला विचारलं नाही, याय. चला, उठा. माझ्या हातचं तो खाणार नाही."

"मला मोटारीत उलटी होते."

"होऊ दे. गाडी नारोंगची आहे."

झालीसुद्धा. दोनदा.

त्या दिवसापासून धुलाईघराच्या मागे मातीची शेगडी पेटायला लागली. रखवालदार हरकत घ्यायला आला, त्याला प्रयोंगनं एक तुकडा हातावर ठेवून वाटेला लावलं. याय काटे काढून घास करायची आणि बासष्ट वर्षांच्या जावयाला म्हणायची, "आ कर. अजून मोठा. बायकोसमोर लाजतोस काय?" तो मुकाट्यानं आ करायचा. सकाळी मरळ, दुपारी डुक्कर, संध्याकाळी पुन्हा मरळ. डॉक्टर रोज येऊन ताटाकडे बघून जायचे. पहिल्या आठवड्यानंतर आकडा दोनवरच होता. मी मनातून हाय खाल्ली. प्रयोंगनं खाल्ली नाही. "भिंत बांधायला वीट आधी यावी लागते," म्हणाली. दुसऱ्या आठवड्याला दोन पूर्णांक चार. तिसऱ्याला दोन पूर्णांक आठ. सव्विसाव्या दिवशी तीन पूर्णांक एक. मी तो कागद घेऊन जिन्यावरून पळत गेलो, माझ्या वयाला न शोभेलसा.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं आणि साडेदहाला संपलं. धागा कुठला वापरला ते विचारायचं मी विसरलो. आठवा दिवस गेला, नववा गेला. रोज प्रयोंग पट्टी सोडायची, वास घ्यायची आणि मान डोलवायची. बाराव्या दिवशी टाके काढले. जखम या टोकापासून त्या टोकापर्यंत मिटलेली होती. आम्फोननं पोटावर हात ठेवला आणि खोकून पाहिलं, मुद्दाम, जोरात. काही झालं नाही.

अभ्यास पुढं चालू राहिला तो वेगळ्या प्रश्नावर. माझा रकाना मी स्वतः खोडला आणि तिथं दोन नवे आखले: वर्ज्य काय सांगितलं आणि कुणी, आणि चालतं काय. पुढच्या साठ रोग्यांत चारच जखमा उघडल्या. डॉक्टरांनी निबंधात प्रयोंगचं नाव आपल्या नावाशेजारी घातलं, तर म्हणाली, "हरकत नाही. पण स्पेलिंग नीट लिहा."

पण मला सांगायचंय ते टाके काढले त्या सकाळचं. डॉक्टर वीरायुतांनी यायला वाकून नमस्कार केला. सगळे हसत होते, बुन्ता डोळे पुसत होती. याय मात्र जावयाच्या पोटाकडेच बघत होती.

"माझा मुलगा होता, उथाई," ती म्हणाली. "नऊ वर्षांमागं जिल्ह्याच्या गावी त्याचं पोट कापलं. तेव्हा तळं आटलं होतं, मरळ मिळत नव्हती, आणि डुकराला पैसे नव्हते. मी त्याला एकोणीस दिवस साधा भात आणि मीठ दिलं. बाकी सगळं वर्ज्य होतं ना. त्याची जखम अशीच उघडली, आणि गेला तो." तिनं प्रयोंगकडे पाहिलं. "पोरी, ते माझ्यामुळं झालं का?"

"छे छे, याय," डॉक्टर घाईनं म्हणाले, "असं मनात आणू नका." मीही तेच म्हणालो असतो. आमच्यातलं कुणीही म्हणालं असतं.

प्रयोंग खाली चटईवर बसली. तिनं म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले.

"थोडं तुमच्यामुळं, याय," ती म्हणाली. "थोडं आमच्यामुळं. तिथंही तुम्हाला कुणी विचारलं नसणार."

याय रडली नाही. मान खाली घालून जावयाचं पांघरूण सारखं करत राहिली. मी संतापलो. बाहेर व्हरांड्यात प्रयोंगला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हातारी बाई आहे, जन्मात एकदा खोटं बोलली असतीस तर जीभ झडली असती का? तिनं वळून पाहिलं तेव्हा तिचे गाल ओले होते. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"नारोंग," ती म्हणाली, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी खरं विचारलं. मी काय करायला हवं होतं?"

गुरुवारी आम्फोन आणि बुन्ता गावी गेले. याय गेली नाही. तिनं आपली चटई उचलली आणि सहा नंबरच्या पलंगाजवळ टाकली. तिथं तिशीतला एक तरुण होता, पोट कापून तीन दिवस झालेला. त्याची आई ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि इकडेतिकडे बघत अंड्याचा पहिला घास स्वतःच्या तोंडाशी नेत होती. यायनं तिचं मनगट धरलं.

"त्याला दे."

"याय, कापलेल्याला हे वर्ज्य असतं ना?"

"मीच सांगत होते तसं," याय म्हणाली. "मी माझ्या पोराला दिलं नाही. तू दे."