बॅटरीवरची चादर

सोलापूरच्या भर उन्हाळ्यात आमच्या घरात चादर पांघरून बसायची ती फक्त बॅटरी. आम्ही माणसं ओले टॉवेल डोक्यावर घेऊन तडफडायचो, आणि ही बया कोपऱ्यातल्या फळीवर जाडजूड सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. शहराबाहेरच्या आमच्या वस्तीवर तेव्हा वीज आली नव्हती. घरात आई, मी आणि लष्करातून कायमचा परतलेला माझा थोरला भाऊ. दादानं मोटारीची जुनी बॅटरी आणून तिच्यावर रेडिओ लावला होता. चार्ज करून देताना गॅरेजवाला दर वेळी सांगायचा, "हितं कुटली आलीय थंडी? झाकू नका, उकडून मरंल ती." दादा मान हलवायचा आणि घरी येऊन आधी चादर गुंडाळायचा. मला भयंकर राग यायचा.

कारण ठाऊक होतं, तरीही यायचा. दादा लडाखला, उंचावरच्या एका चौकीत बिनतारी यंत्र सांभाळायचा. तिथल्या थंडीत त्या यंत्राची बॅटरी उघडी राहिली की गारठून निकामी व्हायची, म्हणून माणसाआधी तिला पांघरूण घालायची शिस्त होती. आईनं घरून दिलेली चादर दादानं बॅटरीलाच दिली होती. मग एका रात्री बर्फाच्या वादळात त्याच्या जोडीदाराला ताप भरला. तो थडथड उडायला लागला, तेव्हा दादानं बॅटरीवरची चादर काढून त्याच्या अंगावर घातली. सकाळी मदत मागायला यंत्र लावलं, तर ते बोलेचना. जोडीदार त्याच चादरीत गेला. दादा हे एकदाच बोलला, जेवताना, ताटाकडे बघत. आईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. आमच्या कोपऱ्यातली चादर ती हीच.

एका दुपारी आईला हिवताप भरला. घरातली वाकळ, घोंगडं, तिची लुगडी, सगळं मी तिच्यावर घातलं, तरी तिचे दात वाजायचे थांबेनात. मी कोपऱ्याकडे गेले.

"हात लावू नगंस तिला!" दादा ओरडला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आई काकडतीय, आन तू डबा झाकून बसलास व्हय?"

"ऱ्हाऊ दे गं," आईच म्हणाली. "माझं भागतंय की."

दादा फळीकडे गेला. मग त्यानं स्वतःच्या हातांनी चादर सोडली, आईच्या अंगावर घातली, पायांकडून नीट खोचली. आणि परत जाऊन बॅटरीला दोन्ही हातांनी कवटाळून बसला. वरचा पत्रा तापून तडतडत होता. दादाला मात्र हुडहुडी भरली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली. त्याच्या अंगावर काहीतरी घालावं असं फार वाटलं, पण घरात एकही पांघरूण शिल्लक नव्हतं.

दिवस कलला तशी आईला दरदरून घाम फुटला आणि तिनं पाणी मागितलं.

"दादा, उतरला बघ ताप," मी म्हणाले.

त्यानं आईकडे पाहिलं नाही. आधी रेडिओची कळ फिरवली. जरा खरखर झाली आणि कुणीतरी खणखणीत आवाजात ज्वारीचे बाजारभाव सांगू लागलं.

दादा रेडिओकडे बघत राहिला. "आता बोलतोयस व्हय?" तो त्याला म्हणाला. "आता बोलतोयस?"

त्यानं कळ बंद केली आणि आईच्या उशाशी येऊन बसला. आईनं चादरीतून हात काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ती चादर पुन्हा बॅटरीवर गेली नाही. आणि तो रेडिओ दादानं आम्हाला पुन्हा कधी लावू दिला नाही.