‘कीप’ आला कुठून

आमच्या टेंभुर्णीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायची एक ठरलेली रीत होती. सरांनी छडीने फळ्यावरचा शब्द दाखवायचा आणि वर्गाने तिन्ही रूपं अर्थासकट एका दमात म्हणायची: गो, वेंट, गॉन, गो म्हणजे जाणे. एका शब्दाला अर्थ एकच. दुसराही असू शकतो हे आठवीपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकाच अर्थाने जीव मेटाकुटीला यायचा, त्यामुळे आमची काही तक्रारही नव्हती.

आठवीत नवीन सर आले. भोकरदनकडचे, बौद्ध समाजातले. त्यांच्या वस्तीत म्हणे एखादं पोर शाळेला गेलं नाही तर शेजारचे दारात येऊन जाब विचारत. हे आम्हाला फारच जाचक वाटलं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला ते धडा बाजूला सारत आणि एकच शब्द घेऊन बसत. तो कुठून निघाला, वाटेत कुणाकुणाकडे उतरला, ते सांगत. आपण बोलतो ते ‘जल्दी’ आणि ‘खर्चा’ कोणत्या वाटेने आले, इंग्रजांनी ‘बंगला’ इथून कसा नेला. ‘लूट’ हा शब्दसुद्धा त्यांनी इथूनच नेला हे कळल्यावर मागचे बाक पोट धरून हसले.

अशाच एका शनिवारी ‘कीप’ निघाला. सरांनी अर्थ लिहायला सुरुवात केली आणि फळा भरला. ठेवणे, राखणे, सांभाळणे, पाळणे, करत राहणे. दुकान चालवणाऱ्याला कीप, गप्प बसणाऱ्यालाही कीप. कोंबड्या पाळणाऱ्याला कीप, शब्द पाळणाऱ्यालाही कीप. हे शेवटचं ऐकून मला इंग्रजांबद्दल जरा आपलेपणा वाटला. कोंबड्या आणि शब्द, दोन्ही आपणही पाळतोच. मी उभी राहिले आणि विचारलं, “सर, हा आला कुठून?”

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “मला माहीत न्हाई. पाहून सांगतो. शब्द दिला.”

माहीत नाही असं म्हणणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता. त्याचं मला कौतुक वाटलं की त्यांची कीव आली, ते आता सांगता येणार नाही.

माझे वडील शिंपी. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. बाजारगल्लीत त्यांचं एका पायमशीनचं दुकान होतं. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण लहानपणी कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हटली होती आणि ती त्यांच्या इतकी जिव्हारी लागली होती की पुढचा सगळा जन्म त्यांनी ती खोटी पाडण्यात घालवला. मंगळवारचा वायदा म्हणजे मंगळवार. आमच्या घरात कोंबड्या नव्हत्या, पण शब्द मात्र कडेकोट पाळला जायचा. घरच्यांना याचा त्रासच जास्त होता. वायद्याच्या आदल्या दिवशी अण्णांशी कुणी बोलायचं नाही असा नियमच होता.

त्या वर्षी आईच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. काजं आणि तुरपाई ती करायची, ते आता कोण करणार? पोरगी घरात होतीच. आठवीची परीक्षा झाली आणि अण्णा माझा दाखला काढायला शाळेत आले. मी त्यांच्या मागे व्हरांड्यात उभी होते. मला शाळा सोडायची नव्हती. अण्णांसमोर हे म्हणायची मात्र माझी हिंमत नव्हती.

हेडमास्तर बाहेरगावी होते, म्हणून सरांनी अर्ज हातात घेतला. वाचला आणि घडी घालून तसाच धरून ठेवला.

“दाखला मिळंल भाऊ,” सर म्हणाले. “पण एक अडचण हाय. तुमच्या पोरीनं मला एक सवाल विचारल्ता. त्याचं उत्तर मी अजून दिलं न्हाई. भर वर्गात शब्द दिलाय. उत्तराआधी ती शाळेतून गेली तर माझा शब्द गेला.”

अण्णांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय सवाल?”

“कीप कुठून आला, असा.”

“म्हंजे काय?”

“कीप म्हंजे ठेवणे.”

“मंग झालं की उत्तर.”

“अर्थ न्हाई अण्णा. तो आला कुठून, ते.”

अण्णांनी विचारलं, “कापड कोण्या मिलचं, तसं का?”

मी मान हलवली. हे त्यांना बरोबर कळलं. काठावरचं मिलचं नाव वाचल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत.

“मंग ते तर सांगाच लागते,” अण्णा म्हणाले. “किती दिवस लागतील?”

“सांगता येत न्हाई. पुस्तकं जालन्याला, औरंगाबादला. जाईन तसं पाहीन.”

“बराबर हाय. शब्द म्हंजे शब्द. उत्तर द्या, मंग दाखला द्या.”

अशी मी नववीत गेले. सकाळी शाळेआधी काजं, संध्याकाळी तुरपाई. डाव्या हाताच्या बोटाची सुईने चाळण झाली होती, पण दप्तर खुंटीवर होतं आणि ते उतरवायचा विषय घरात निघत नव्हता.

बाजाराच्या दिवशी सर दुकानावरून जात. अण्णा मशीन थांबवून विचारायचे, “सापडलं का सर?” सर म्हणायचे, “अजून न्हाई भाऊ.” अण्णा मान डोलवून पुन्हा पाय मारायला लागायचे. हळूहळू सगळ्या गल्लीला हा सवाल-जवाब पाठ झाला. एका गिऱ्हाइकाने चेष्टा केली, “एका शब्दाला दोन वर्षं? तुमचे सर शब्द शोधून राह्यले का विहीर खोदून राह्यले?” अण्णांनी त्याच्या खांद्याचं माप घेता घेता सांगितलं, “घाईनं बेतलेलं कापड वाया जाते.” त्या गिऱ्हाइकाचा सदरा मात्र नेहमीप्रमाणे वेळेवर मिळाला.

मधल्या काळात सर मला तुकडे तुकडे देत राहिले. फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ डोळा ठेवणे, लक्ष देणे, धरणे असा काहीसा होता, ठेवणे नंतर आलं. एवढं कळलं होतं, पण त्याच्या मागे जाता येत नव्हतं. आणखी शोधतो, म्हणायचे. हेडमास्तरांच्या कपाटात लाल पुठ्ठ्याचा एक जाडजूड इंग्रजी कोश होता. तो तुम्ही पाहिलात का, असं एकदा मी विचारलं. सरांनी मला गणिताचा गृहपाठ झाला का ते विचारलं. गणित ते शिकवत नसत.

मी मॅट्रिक पास झाले. इंग्रजीत बरे मार्क पडले. त्याच जून महिन्यात सरांची बदली झाली, लांब, अंबड तालुक्यात. बातमी कळली त्या दिवशी मी घाबरले. उत्तर दिलं काय आणि नाही दिलं काय, देणारा माणूसच निघाला होता. घरात आईने नवीन सुयांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

सरांच्या एसटीच्या वेळी अण्णा मशीन सोडून स्टँडवर आले. गळ्यात टेप तशीच होती. मी मागे होते. सरांची वळकटी आणि पुस्तकांची पेटी टपावर चढली होती.

“सापडलं का सर?” अण्णांनी विचारलं.

“न्हाई भाऊ. माझा शब्द राह्यला.” “आता एकच रस्ता हाय. मी शोधीन म्हणल्तो, ते आता हिनं शोधायचं. जालन्याच्या कॉलेजात मोठे कोश हायेत. तिला सापडलं तर मी सुटलो.”

कंडक्टरने घंटी मारली. सर चढले. अण्णांनी हात जोडले आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. घरी येऊन पुन्हा मशीनवर बसले. जेवताना आईला म्हणाले, “जालन्याच्या तुझ्या बहिणीला कागद टाक. पोरीची सोय होईल का विचार. सरांचं काम आपल्या अंगावर आलंय.”

मावशीच्या घरी एका कोपऱ्यात माझी ट्रंक लागली. कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात मी लायब्ररीत गेले. कोश घरी नेता येत नसे, तिथेच बसून पाहावा लागे. समोर आला तो लाल पुठ्ठ्याचा. हेडमास्तरांच्या कपाटात होता तोच, पुठ्ठा तेवढा कमी मळलेला. पान काढायला एक मिनिटही लागलं नाही. अर्थ दोन पानं भरून होते. उगम एका ओळीत होता: ‘अज्ञात. इतर भाषांत सगोत्र शब्द आढळत नाही.’

म्हणजे या कापडाच्या काठावर मिलचं नावच नव्हतं. सरांनी ही ओळ आठवीतच, त्या शनिवारनंतरच्या सोमवारी वाचली असणार. मला आधी राग आला. दोन वर्षं मी रोज सकाळी काजं करताना तो शब्द घोकला होता. मग आठवलं की सर एकदाही खोटं बोलले नव्हते. अजून सापडलं नाही, हेच म्हणत होते, आणि ते खरंच कुणालाही सापडलेलं नव्हतं. तिथे कोशावर डोकं टेकून मी रडले. लायब्रेरियनने विचारलं, “बरं न्हाई का?” मी म्हटलं, “डोकं दुखतंय.”

दिवाळीला घरी आले तर तिसऱ्याच दिवशी भोकरदनहून पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं. मुलाचे चुलते, त्यांचे मेहुणे, सगळे सतरंजीवर बसले. मी पाणी देऊन दाराशी थांबले. चुलत्यांनी विचारलं, “मंग काय, मार्गशीर्षात उडवून टाकायचं का?”

अण्णांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “ते सरांचं काम झालं का गं? सापडलं?”

“अजून न्हाई, अण्णा.”

कापडाला कात्री लावण्याआधी ते जसं पाहत, तसं त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “पोरीनं एक काम अंगावर घेतलंय. ते झालं की कळवतो.” आणि आईला चहा टाकायला सांगितला.