पायरीवरची बजावणी

समन्स मी समोर बसलेल्या तरुण साहेबांच्या बुटांपाशी जमिनीवर ठेवलं. तीन पावलं मागे सरलो. हात जोडून उभा राहिलो. सगळा हॉल हसायला लागला.

रत्नागिरीच्या कोर्टात मी बेलीफ. कोर्टाचे कागद गावोगाव न्यायचे, ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे, सही घ्यायची, खाली अहवाल लिहायचा. त्याला बजावणी म्हणतात. तेव्हा देशभरच्या न्यायाधीशांना शिकवायला एक मोठं केंद्र उभं राहत होतं. तिथले एक सर धडे तयार करायला आमच्याकडे आले होते. कोर्टाची क्षमता वाढवायची, असं सारखं म्हणायचे. समोर पंधरा-वीस नवे न्यायाधीश बसलेले. त्यातल्या एका तरुणाला सरांनी पक्षकार केलं आणि मला म्हणाले, "बजावणी कशी करता ते करून दाखवा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला काही विचारतंय, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. आणि हातांनी सवयीचं तेच केलं. डोक्याला विचारलंच नाही.

त्या तरुणाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सर म्हणाले, "अहो, समन्स हातात द्यायचं असतं. अकरा वर्षं काय केलंत?" आम्हा बेलिफांवरचे साहेब म्हणजे नाझर. ते मागून हसत म्हणाले, "त्यांना सवय आहे हो, सर."

त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. आमच्या वाडीने बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तीस वर्षं झालेली, पण गावात जातीचं जुनंच नाव चालायचं. संगमेश्वरकडच्या गावांत गेलो की घरधनी ओटीवरूनच सांगायचा, "ठेव तितं पायरीवर." मी ठेवायचो, मागे सरायचो. तो पाणी शिंपडून कागद उचलायचा, सही करायचा, परत पायरीवर ठेवायचा. ओल्या कागदावर शाई पसरायची. आणि मी खाली लिहायचो, 'समक्ष हातात दिले.'

मी म्हणालो, "सर, माझ्या हातातून कोणी घेत नाही."

हसणं थांबलं. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ते आपल्या विषयात येत नाही." वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "बेलिफांना प्रशिक्षणाची गरज." आणि मला, "आता नीट करून दाखवा. हातात द्या. धड्यात तेच जाईल."

म्हणजे कुवत माझी कमी. ज्याचा हात पुढे येत नाही, त्याची नाही.

रडायला आलं, खोटं कशाला सांगू? चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, वीस माणसांपुढे ओठ चावून उभा. खाली वाकून कागद उचलला. सगळ्यांना वाटलं, आता देतोय. मी म्हणालो, "नाही दाखवत. जे होतच नाही, ते धड्यात कसं घालता?" कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो.

मांडवीच्या समुद्रावर जाऊन बसलो. सरांचा राग होताच, पण त्याहून जास्त माझाच मला होता. माझा बाप सरकारी टपाल घेऊन फिरायचा, तोही पायरीवरच ठेवायचा. पण त्याने कधी 'हातात दिले' असं लिहिलं नाही. त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने उपाशी राहून मला शिकवलं, आणि मी शिकून काय केलं, तर आमचा अपमान स्वतःच्या अक्षरात झाकून ठेवला. या गोष्टीचं फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

पुढच्या आठवड्यात एका आंबेवाल्याच्या घरी समन्स होतं. ओटीवरून तेच, "ठेव तितं."

मी हात पुढे करून उभा राहिलो. "दादा, हातात घ्या."

"घेतोय की रे मी. ठेव तू."

"हातातच द्यायला सांगितलंय कोर्टाने."

तो आत निघून गेला. मी खळ लावून समन्स त्याच्या दारावर डकवलं. दाराला हात लागला म्हणून आतून शिव्या आल्या. पंच म्हणून सही करायला शेजारचं कोणी आलं नाही. अहवालात लिहिलं, 'बेलीफ बौद्ध असल्याने पक्षकाराने त्याच्या हातून समन्स घेतले नाही. सबब दारावर डकवले. पंच मिळाले नाहीत.'

नाझरांनी अहवाल परत केला. "कारण कापा. नुसतं 'नाकारले' लिहा. कशाला विस्तवात हात घालताय?" मी पुन्हा तेच लिहून दिलं. तिसऱ्यांदाही तेच. मग मेमो आला. बढतीच्या यादीतून नाव गेलं. बायको म्हणाली, "अहो, एका शब्दासाठी पोरांचं नुकसान कशाला?" तिचं खरं आहे. नुकसान झालंच आहे.

सरांचा धडा एव्हाना छापला गेला असेल. त्यातला बेलीफ हातात देत असेल, पक्षकार घेत असेल. माझ्या अहवालात जे घडलं तेच येईल, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. मला काढून टाकून तो दिवस कचेरीने उद्याच आणला, तरी उद्याच्या अहवालातही.