माळ नसलेला फोटो

दुपारचे चार वाजायला आले होते. बहारीनमधल्या हिद्दच्या ऑफिसात मी एका कंटेनरची कागदपत्रं तपासत होतो. मोबाईल शेजारीच उघडा ठेवला होता, कारण त्या दिवशी तिकडे महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या राज्य कबड्डी स्पर्धेत रायगडचा सामना होता. रायगड हरल्याचं मांडवकरने अर्ध्या तासापूर्वीच आमच्या ग्रुपवर कळवलं होतं. मग दत्ताराम म्हात्रेच्या, म्हणजे आमच्या नानाच्या, नंबरवरून एक चित्र आलं. कडेने झेंडूची फुलं, खाली समई, मधोमध डोळे मिटून हात जोडलेला, गळ्यात माळ घातलेला नाना, आणि वर लाल अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी हसलो. नाना रजेवर गावी गेला होता. दरवर्षी आम्ही करतो ते काम यंदा त्याने तिथूनच स्वतः उरकून टाकलं, असं मला वाटलं. मी लिहिलं, "नाना, तेराव्याला जिलेबी किती किलो?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सावंतने लिहिलं, "रायगड खलास." मांडवकरने त्यावर कडी केली, "कप मिळेपर्यंत पिंडाला कावळा शिवायचा नाही."

सव्वापाचला त्याच नंबरवरून फोन आला. "यल्ला, चल नाना, बोल," मी म्हणालो. पलीकडे बाईचा आवाज होता. "मी शीतल बोलतेय, काका. नानांची मुलगी. बाबा खरंच गेले... सकाळीच. तुमच्या ग्रुपवर कळवा म्हणून आईने सांगितलं, म्हणून मी टाकलं." मी काहीतरी पुटपुटलो. काय, ते आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी बाकीच्यांना कळवलं आणि आम्ही एकेकाने आपापले संदेश पुसले. ते चित्र अजून ग्रुपवर आहे. त्याच्याखाली 'हा संदेश हटवला आहे' अशा अकरा ओळी आहेत.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. आम्हाला ते खरं का वाटलं नाही, हे सांगायचं तर आमच्या शुक्रवारांबद्दल सांगावं लागेल. सावंत एसी दुरुस्तीचं काम करतो. हिद्दमध्ये एका गॅरेजच्या वर त्याची खोली आहे. तिकडे संध्याकाळचे सामने सुरू होतात तेव्हा बहारीनमध्ये दुपार असते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जेवून आम्ही त्या खोलीत जमायचो. मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि भांडायचं. मी आणि ड्रायव्हर असलेला मांडवकर, आम्ही रत्नागिरीचे. आणखी पाचसहा जण आमच्याच जिल्ह्याचे. सावंत सिंधुदुर्गचा, पण त्याचा संघ पहिल्या फेरीच्या पुढे जात नसल्याने तो आमच्यात येऊन बसलेला. आणि रायगडचा एकटा नाना. जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर होता. अलिबागेकडच्या गावात तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा, त्यात गुडघा गेला होता. वयाने आमच्या सगळ्यांत मोठा. आम्ही त्याला अरे-तुरे करायचो, आणि मला मात्र तो, मी पुस्तकं वाचतो म्हणून, 'मास्तर' म्हणून अहो-जाहो करायचा.

प्रथा अशी होती की ज्याचा जिल्हा हरेल त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ घालायची, त्याला डोळे मिटून हात जोडायला लावायचं, फोटो काढायचा आणि श्रद्धांजलीचं पोस्टर करून ग्रुपवर टाकायचं. मग त्यानेच सगळ्यांना जिलेबी वाढायची. पोस्टरवरची ओळ मी लिहायचो. रत्नागिरी हरली की ती माळ आम्हा सातआठ जणांत वाटली जाई, त्यामुळे कोणालाच लागत नसे. रायगड हरलं की ती एकट्या नानाच्या गळ्यात पडे. चौदा वर्षांत किती वेळा पडली ते मोजण्यात अर्थ नाही... प्रत्येक पोस्टर ग्रुपवर आहेच.

नाना काही गरीब गाय नव्हता. मांडवकर म्हणायचा, "काय रे नाना, तुमच्या रायगडात घराघरांत खेळाडू, आणि संघ म्हणशील तर मफी, काहीच नाही!" नाना पाय चोळत म्हणायचा, "तुमचा कोपरा बग आदी. पाय धरायचा सोडून पदर धरतो." सगळे हसायचे. सावंत मध्ये पडला की त्याला वेगळा प्रसाद मिळायचा. "सावंत, तू पाव्हना. पंगतीत बसायचा, जेवायचा, पन घर कोनचा ते इचारायचा नाय." सावंत चिडून म्हणायचा, "आमचो संघ येवंदे वर, मगे बघ." आणि नाना म्हणायचा, "इंशाल्ला." रायगडची चांगली मुलं मुंबईच्या कंपन्यांकडून खेळायला जातात, मग जिल्ह्याशी निष्ठा कसली, असा वाद एकदा तासभर चालला होता. आम्ही सगळे एका बाजूला आणि नाना एका बाजूला. शेवटी तो एवढंच म्हणाला की पोट भरायला आपणही इथे आलोय, म्हणून आपण बहारीनचे झालो का? त्यावर मांडवकरने टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या माळेतून सुटायची एक वाट होती. ती आम्हीच ठेवलेली. "एकदा नुसतं 'रत्नागिरी झिंदाबाद' म्हण, नाना, लगेच माळ काढतो." हे आम्ही दरवेळी म्हणायचो, कधी हसत, कधी त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून. तो मान खाली करायचा, माळ नीट बसावी म्हणून. "घाला. मानूस मुलूख बदलतो, जिल्हा नाय." आम्हाला वाटायचं, किती मजेदार हट्ट आहे. त्याने एकदा तरी ते दोन शब्द म्हणावेत यासाठी आम्ही किती जोर लावला, हे आता आठवलं की मला आमचा आवाज ऐकू येतो. त्याचा येत नाही.

मग शीतलचं लग्न चिपळूणला ठरलं. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात. आमच्यासाठी ती पर्वणीच होती. "आता तर बोल नाना, जावई आमचा!" मांडवकर त्याच्या पाठीवर थापा मारत होता. नाना खुशीत होता. लीव्ह मंजूर झाली होती, नवा सफारी शिवून आला होता. लग्नाच्या चार दिवस आधी यार्डात एक जहाज तातडीच्या कामाला लागलं आणि त्याची लीव्ह रद्द झाली. लग्न त्याने सावंतच्या खोलीत बसून बघितलं. सफारी घालून, पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या मोबाईलसमोर, जमिनीवर मांडी घालून. दुखरा गुडघा घेऊन मांडी कशी घातली असेल, कोण जाणे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्याच्या मुठीत तांदूळ होते, कुंकू लावलेले. ते कुठे टाकायचे हे त्याला पहिल्या कडव्याला कळेना. मग त्याने ते मोबाईलवरच टाकायला सुरुवात केली, अगदी अलगद, आवाज होऊ नये म्हणून... मी शेजारी बसलो होतो. मी हे सगळं पाहिलं होतं, हे इथे लिहून ठेवणं भाग आहे.

त्यानंतर बाराव्या दिवशी अंतिम सामना होता, रत्नागिरी विरुद्ध रायगड. शेवटच्या चढाईला रायगड एका गुणाने मागे होतं. त्यांचा पोरगा मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर पकडला गेला. खोलीत नुसता कल्लोळ झाला. मांडवकर गादीवर उभा राहून नाचला. नानाच्या गळ्यात माळ पडली, फोटो निघाला आणि सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, ओळ! यंदा जबरदस्त पाहिजे!" मला ती क्षणात सुचली. 'पोरगी दिली, आता कपही दिला. रायगड दानशूर आहे.' मांडवकरने पोस्टरवर ती घातली. त्या दिवशी जितकं हसलो तितकं त्या खोलीत पुन्हा कधी हसलो नाही. नाना ताट घेऊन फिरत होता. माझ्यापुढे आला तेव्हा थांबला. "मास्तर, बरा लिवलाव हां," म्हणाला आणि माझ्या बशीत एक जिलेबी जास्त वाढली.

मी ती खाल्ली.

शीतलचा दुसरा फोन तेरावं झाल्यावर आला. आवाज शांत होता. एखाद्या शिक्षिकेने पालकाला बोलवून घ्यावं तसा. "काका, मी तुमचा ग्रुप वाचला. अगदी पहिल्यापासून. बाबा घरी आले की तुमच्याबद्दलच बोलायचे. मांडवकर असा, सावंत तसा, मास्तर किती वाचतात. आम्हाला वाटायचं, तिथे त्यांना माणसं आहेत. एक विचारू? ते तुमचे मित्र होते, की तुम्हाला हसायला कोणीतरी हवं होतं?"

मी तिला म्हणालो, की चेष्टा असते ती, बाळ, पुरुष माणसं एकत्र राहिली की असंच बोलतात. मग मला एक पुरावाही सुचला आणि तो सुचल्याचं समाधान वाटलं. मी म्हणालो, "त्यांना राग असता तर त्यांनी तोच माळेचा फोटो स्वतःच्या नंबरच्या प्रोफाइलला वर्षभर लावून ठेवला असता का?"

"तो लावायचा तुमचा नियम होता ना, काका? पुढच्या वर्षीपर्यंत बदलायचा नाही. बाबांनी सांगितलं होतं. श्रद्धांजलीचं चित्र बनवणाऱ्याने तोच उचलला. माळ आयतीच होती."

नियम होताच. मांडवकरने काढला होता आणि मी त्याला दुजोरा दिला होता. आम्ही विसरलो होतो. नाना विसरला नव्हता.

मग तिने फोन का केला ते सांगितलं. आईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात नानाचा एक लग्नातला फोटो आहे, मिशा नुकत्याच फुटल्यासारखा, आणि एक पासपोर्टचा, ज्यात तो कोणीही वाटतो. रजेवर आला की घरातले फोटो तोच काढायचा, त्यामुळे त्यात तो नाही. शीतलच्या लग्नात तो नव्हताच. "तुमच्याकडे असतीलच. चौदा वर्षं तुमच्यात होते ते. एक द्या, काका. डोळे उघडे असलेला, माळ नसलेला. बाकी मला काही नको." मी म्हणालो, एक काय, पन्नास देतो.

त्या शुक्रवारी सावंतच्या खोलीत आम्ही आपापले मोबाईल काढून बसलो. टीव्ही लावला नाही. वर्षं उलटी सरकवत गेलो. नाना डोळे मिटलेला, हात जोडलेला. नाना माळ घातलेला, हातात जिलेबीचं ताट. नाना माळ घातलेला, मागून कोणीतरी त्याच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं केलेली. माळ कापून टाकावी म्हटलं तर गळाही कापला जात होता. सावंत म्हणाला, "ह्या सोडून दुसरो फोटो असतलोच मरे... आपण काय रोज माळ घालीत होतो?" रोज नव्हतो घालत. पण बाकीच्या दिवशी त्याचा फोटो काढावा असं आमच्यापैकी कोणाला कधी वाटलं नव्हतं. एकत्र फोटो पुष्कळ होते. ईदच्या सुट्टीतले, गणपतीतले, रत्नागिरी जिंकल्यावरचे. त्यांत आम्ही सगळे होतो. नाना नव्हता, कारण मोबाईल त्याच्या हातात असायचा. "नाना, तू काढ रे," हे वाक्य मला आजही मांडवकरच्या आवाजात पाठ आहे. त्या वेल्डिंगने जाड झालेल्या हातात मोबाईल मावत नसे आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा यायचा. त्यावरूनही आम्ही त्याला बोलायचो आणि ग्रुपवर टाकण्याआधी तेवढा कोपरा कापून टाकायचो.

मांडवकर तासाभराने उठला आणि जिना उतरून गेला.

मी शीतलला खरं ते कळवलं. माळ नसलेला एकही फोटो आमच्याकडे नाही. पण नानाच्या मोबाईलमध्ये त्याने काढलेले आमचे फोटो असतील, न कापलेले. त्यांच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आहे. तेवढाच तो आमच्यात दिसतो. उत्तर दोन दिवसांनी आलं. "होते, काका. खूप होते. ग्रुप वाचून झाला त्याच दिवशी मी सगळे काढून टाकले. त्यांत तुम्ही सगळे हसत होतात."



माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो मात्र नीट कापायचा राहून गेलाय. कोणत्या वर्षीचा ते सांगता येत नाही. सावंतच्या खोलीत आम्ही पाच जण खांद्यावर हात टाकून उभे आहोत. काहीतरी बोलला असणार तो त्या वेळी, कारण आमच्यातला कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळे किंचित वर, मोबाईलच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हसताहेत. खालच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी, धूसर असं काहीतरी आहे. मोठं करून पाहिलं की नखाची कड दिसते आणि त्याच्याजवळ ठिणगीने भाजल्याचा पांढरा ठिपका. मी तो फोटो रोज काढून बघतो. दोनदा तिच्या नावापर्यंत नेला आणि परत ठेवून दिला. तिने चेहरा मागितला होता.