लॉकर एकच पुरतो

आता तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. नाकातून येईल.

मी चारकोपची. लग्न होऊन आले ती इथंच. त्यामुळे खाडीपलीकडच्या त्या वॉटर पार्कला कुणाला जायचं असलं की गावाकडून पहिला फोन मला. मी लगेच सुरू! रिक्षाने वळसा घालू नका, जेट्टीवर या आणि बोटीने पलीकडे जा. पोहायचे कपडे घरून न्या, तिथे भाड्याने घेऊ नका. आणि लॉकर? सगळ्यांत मिळून एकच घ्या, पुरतो. इतकं छातीठोक सांगायचे ना मी! आत पाऊल मात्र कधी टाकलं नव्हतं. आपण राहतो तिथलं कोण बघायला जातं हो?

तर मे महिन्यात कणकवलीहून माझी नणंद आली, सोबत तिचे यजमान आणि मुलगा निखिल. खरं काम होतं निखिलसाठी मालाडची मुलगी बघायचं. स्थळ मीच आणलेलं. फोटो बघूनच पोरगा विरघळला होता. अडचण एकच, मुलीचे वडील माळकरी. घरात मासळीचं नाव नाही आणि जावईही तसाच हवा. मी फोनवर काय सांगून बसले? म्हटलं, अहो, आमच्या निखिलला माशाच्या वासानेसुद्धा मळमळतं.

निखिलला! जवळ्याची चटणी नसेल तर ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, त्या निखिलला! म्हटलं, लग्न तर जमू दे. पुढचं तो आणि त्याची बायको बघून घेतील.

मुलगी बघायला संध्याकाळी जायचं होतं. दिवसभर घरात बसून काय करायचं? मीच टूम काढली, वॉटर पार्क करू आणि तिथून परस्पर मालाड. चांगले कपडे सोबतच घेऊ, घरी यायचा हेलपाटा वाचेल.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे मला ऐकून माहीत. आणि आतलं खाणं परवडणार कुणाला? मी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वर सुक्या जवळ्याची चटणी, लसूण सढळ हाताने. डबा तपासणीत हाताला लागेल म्हणून चटणी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात आणि टॉवेल बॅगेच्या तळाशी. गेटवरच्या बाईने बॅग वरवर दाबली आणि सोडलं. मी नणंदेकडे असा काही रुबाबात कटाक्ष टाकला, विचारू नका.

लॉकर निघाला एवढासा. नणंदेच्या यजमानांनी गुडघा लावून सगळं सामान कोंबलं, दार दामटून लावलं आणि आम्ही पाण्यात.

दुपारी भुकेने कळवळून लॉकर उघडला आणि मी जागच्या जागी थिजले. पिशवी फुटलेली. बंद लॉकर, मे महिन्याचं ऊन आणि आत जवळा! नणंदेची साडी, यजमानांचा सदरा, निखिलचा कोरा पांढरा शर्ट, सगळीकडे जवळा. शर्टाच्या खिशातून तर चिमूटभर निघाला. शेजारच्या लॉकरशी उभी असलेली बाई नाकाला रुमाल लावून निघूनच गेली.

"वैनी, ह्यां काय केलंस गो?" नणंद रडायच्या बेतात.

निखिल म्हणाला, वाटेत नवा शर्ट घेऊ. पण मी ऐकेन तर ना! म्हटलं, कशाला रे उगाच खर्च? झटकून घाल, बोटीवरच्या वाऱ्याने वास उडून जाईल. वर सगळ्यांवर सेंट फवारला. त्याने तर आणखीच वाट लागली. बोटीत एक कोळीण बसली होती. तिने आम्हाला न्याहाळलं आणि विचारलं, सुकी मासळी कुठल्या बाजारात नेताय?

मालाडला त्यांनी कौतुकाने खिडक्या बंद करून एसी लावला. पोहे आले, मुलगी आली. मुलीच्या वडिलांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून विचारलं, "हा वास कसला हो?"

जमत आलेलं लग्न माझ्या चटणीपायी मोडणार! निखिलने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, लपवण्यात अर्थ नाही. आमच्या मामीच्या अंगाला फार खाज सुटते. डॉक्टरांनी माशाचं तेल चोळायला सांगितलंय. मला मळमळतं, पण घरचं माणूस आहे ना."

अरे देवा! ज्या भाच्यासाठी मी पहाटे उठले, त्याने मला भर दिवाणखान्यात विकलं! खरं बोलले तर लग्न मोडणार, आणि मळमळीची थाप मुळात माझीच. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गुमान दंड खाजवायला लागले.

मुलीचे वडील गहिवरले. घरच्यांना इतकं सांभाळून घेणारा मुलगा शोधून सापडणार नाही म्हणाले. लग्न जागेवर ठरलं.

आता निखिलची बायको त्याच्या ताटातला जवळा मिटक्या मारत खाते. तिला सगळं ठाऊक आहे, पण माहेरी सांगायची तिची काय बिशाद! त्यामुळे मालाडला गेले की मला आजही खिडकीजवळची खुर्ची. दिवाळीला त्यांच्याकडून सगळ्यांना फराळ येतो आणि मला कडुनिंबाच्या साबणाच्या वड्या.

आणि खरं सांगू? फुकटचा साबण टाकवत नाही हो. मी तोच लावते!