गारांच्या घाटातून लग्नाला

देऊळघाटाहून मोटार निघाली तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की काकांनी टप खाली पाडला होता. मी नवरदेव. डोक्याला बाशिंग, हातात लिंबू खोचलेली कट्यार. लग्न घाटाखाली, पिंपळगाव राजाला, गोरज मुहूर्तावर. तो हुकला तर पुढचा थेट उन्हाळ्यात. बाकीचं वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशीच गेलं होतं. मोटारीनं नवरदेव न्यायची काकांची हौस, आणि त्या हौसेवर लक्ष ठेवायला त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई.

बुलढाणा ओलांडून घाटात शिरलो आणि लिंबाएवढ्या गारा कोसळल्या. टप चढवेपर्यंत बाशिंगाचा एक मोर जायबंदी झाला. रस्ता पांढराफेक! बर्फाच्या मुलखात मोटारी कशा हाकतात कोण जाणे. काकांनी करकचून ब्रेक दाबला. मोटार गर्रकन फिरली आणि देऊळघाटाकडे तोंड करून बंद पडली. मला रडूच यायचं बाकी होतं.

आमच्याकडे गारा थांबवायला बाहेर लोखंड फेकतात.

"लोखंड दे बे!" आत्याबाई ओरडल्या.

मी कट्यार पुढे केली.

"नवरदेवाची कट्यार फेकू? अक्कल हाय का तुले?" असं म्हणून त्यांनी पायाशी पडलेलं लोखंड उचललं आणि दरीत भिरकावलं.

गारा खरंच थांबल्या.

"अक्का, थे मोटारीचं इंजिन फिरवायचं हँडल होतं! आता चालू कायनं करू?"

"गारा बंद केल्या ना? सारंच मीच करू काय?"

काकांनी आणि मी मोटार ढकलून वळवली. बाशिंगासकट मी पुढे, पळसाच्या फांदीनं गारा झाडत. मागून काका उतारावर ब्रेकला पाय न लावता, गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं. पायथ्याशी इंजिन आपोआप फटफटलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी फांदीसकटच आत बसलो.

मुहूर्त गाठला. पण पुन्हा चालू होणार नाही या धास्तीनं काकांनी मांडवाबाहेर इंजिन बंदच केलं नाही. मंगलाष्टकं कुणाला ऐकू आली नाहीत. भटजींनी 'सावधान' हातवारे करून सांगितलं. पेट्रोल तिथंच संपलं.

परतताना मोटारीला दोन बैलजोड्या जुंपल्या. गारांच्या घाटात याहून सुरक्षित वाहन नाही, असं माझं मत झालं. एका वळणावर नवी नवरी पहिल्यांदाच बोलली, "थे झुडपात काय चमकून राह्यलं?"

हँडल! काका उडी मारून धावले.

"उचललं त गारा परत येतीन," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

काकांनी आभाळ पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. पण शेतात त्यांचा गहू उभा होता. ते मुकाट्यानं येऊन बसले.

"हाका बैल," ते म्हणाले. "गहू घरी आला का मंग नेऊ."